गिटार लावण्याआधी

गेल्या जून महिन्यात हरमलचा एक मुलगा टॉवेलात गुंडाळलेला अ‍ॅम्प्लिफायर स्कूटरवर पायांत धरून, कोलवाळ, म्हापसा, अस्नोडा असं करत भर पावसात डिचोलीला माझ्या दुकानात आला. टॉवेल सोडला तर आत अतिशय देखणं काम. तारा पट्टी धरून वाकवाव्यात तशा सरळ, सोल्डरचे थेंब चकचकीत. चेसिस उलटं करून बघत बसावं असं. फक्त चालू केलं की त्यातून भजनी मंडळाचा सूर धरल्यासारखी एकच गुरगुर यायची आणि गिटार तिच्याखाली कुठंतरी दबलेली.

"काका, कोणता पार्ट गेलाय?"

मी विचारलं, "या पायावर किती व्होल्ट असायला हवेत?"

तो म्हणाला, "नकाशात लिहिलेलं नाही."

त्याच्याजवळचा नकाशा खरं तर नकाशा नव्हताच. कोणता पार्ट कुठं बसवायचा आणि कोणती तार कुठं जोडायची एवढं दाखवणारं रंगीत चित्र होतं. त्यानं ते इमानेइतबारे उतरवलं होतं. रांगोळीचे ठिपके जोडावेत तसे सगळे ठिपके बरोबर जोडले होते, पण सर्किट कशासाठी तसं आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी त्याला कागदावर जे काढून दाखवलं, त्याचीच ही पुस्तिका झाली आहे.

माझा जन्म पेडण्याचा, दुकान डिचोलीत. रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, मग पुन्हा जत्रेतले अ‍ॅम्प्लिफायर, असा हात फिरत आला. माझ्या लहानपणी आमच्या बाजूला गिटार दिसत नसे. ती बार्देस-सासष्टीतली, चर्चच्या आणि तियात्राच्या वाटेनं आलेली. आमच्याकडे पेटी, पखवाज आणि रात्रभर चालणारी दशावतारी नाटकं. आता मोरजी-हरमलच्या किनाऱ्यानं आणि मुलांच्या मोबाइलनं ती हद्द पुसून टाकली. चापोरा नदीपलीकडे शिवोलीला रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोअन क्रेझी' घरच्या घरी ध्वनिमुद्रित केला, त्यालाही आता चाळीस वर्षं होऊन गेली. गिटार आली, तसा आता तिचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बांधण्याचा नाद आला आहे. मला त्याचा आनंद आहे, आणि थोडी भीतीही. भीती का, ते पुढं येईलच.

व्हॉल्व्ह म्हणू की ट्यूब? आमच्या पिढीचा रेडिओ 'व्हॉल्व्हचा' होता. मुलं 'ट्यूब' म्हणतात आणि घरच्यांना ट्यूबलाइट आठवते. मी या पुस्तिकेत व्हॉल्व्हच म्हटलं आहे आणि त्याला सवयीपेक्षा मोठं कारण आहे. व्हॉल्व्ह म्हणजे झडप. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगनं जी काचेची नळी केली तिला त्यानं हे नाव दिलं, कारण ती वीज एकाच दिशेला जाऊ द्यायची. आपल्या खाजन शेतांच्या बांधातली मानस आठवा. भरतीचं पाणी चढलं की लाकडी फाळके आपोआप मिटतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं तेच फाळके उघडतात आणि शेतातलं पाणी नदीत जातं. कुणी उघडायचं नाही, कुणी मिटायचं नाही. फ्लेमिंगचा डायोड म्हणजे नेमकी ही मानस. तापलेल्या काथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, उलट येत नाहीत. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला ५वाय३ हा रेक्टिफायर आजही एवढंच काम करतो.

दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं काथोड आणि प्लेट यांच्यामध्ये तारेची एक जाळी घातली. ही ग्रिड. आता कल्पना करा की मानशीच्या वाटेत एक हलकी फळी सोडली आहे आणि ती एका बोटानं खाली-वर करता येते. बोटाला जोर लागत नाही, पण पलीकडे वाहणारं पाणी मात्र त्या बोटाच्या तालावर कमी-जास्त होतं. गिटारचा पिकअप म्हणजे ते बोट. पाणी आणतो पॉवर सप्लाय. 'व्हॉल्व्ह आवाज मोठा करतो' असं सगळे म्हणतात, पण गिटारचा तो चिमूटभर सिग्नल कधी मोठा होतच नाही. त्याच्या हुकमाप्रमाणे दुसरीकडची मोठी वीज हलते, इतकंच. हे एकदा पटलं की पॉवर सप्लायकडे बघण्याची नजर बदलते. स्पीकरमधून ऐकू येतो तो पॉवर सप्लायच, गिटारनं कापून दिलेला.

व्हॉल्व्हची नावं पाहून मुलं दबकतात, म्हणून पहिलं प्रकरण नावांचं ठेवलं आहे. आडनावावरून गाव कळावं तसंच हे आहे. पेडणेकर पेडण्याचा, डिचोलकर डिचोलीचा. अमेरिकन नावात पहिला आकडा हीटरच्या व्होल्टेजचा: ५वाय३ ला ५ व्होल्ट, ६व्ही६ ला ६.३, १२एएक्स७ ला १२.६, पण त्याच्या हीटरला मधोमध फाटा असल्यानं तो ६.३ वरही जोडता येतो. युरोपियन नावात पहिलं अक्षर हीटरचं. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढचा 'सी' म्हणजे ट्रायोड, दोन 'सी' म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, 'एल' म्हणजे स्पीकर हलवणारा पेंटोड. म्हणून ईसीसी८३ आणि १२एएक्स७ हे एकच माणूस, दोन गावची दोन नावं. ईएल८४ वर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का पाहतच माझी पिढी मोठी झाली.

'यू' या अक्षरापाशी मात्र थांबा. यूसीएल८२, यूएल८४, यूवाय८५ असे व्हॉल्व्ह ज्या रेडिओत आहेत, त्यात हीटर सगळे एका माळेत, १०० मिलिअँपिअरवर चालणारे. असे बरेच संच ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट भिंतीतल्या विजेवर चालायचे आणि प्लग उलटा बसला की त्यांचं चेसिस जिवंत व्हायचं. लाकडी पेटी आणि बेकेलाइटची बटणं यांच्यामुळे ऐकणारा वाचे. १९६१ पूर्वी गोव्यात परदेशी माल सहज येई, त्यामुळे जुन्या घरांच्या माळ्यावर तऱ्हेतऱ्हेचे रेडिओ अजून निघतात आणि कुणाला तरी वाटतंच की यातच गिटार घुसवली तर काय हरकत आहे. हरकत ही की गिटारची तार चेसिसला जोडलेली असते आणि तारेवर तुमची बोटं असतात. माझी भीती म्हणतो ती ही. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या रेडिओचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर कसा करावा, हे या पुस्तिकेत कुठंही सापडणार नाही.

शिकण्यासाठी मी निवडलेलं सर्किट फेंडर कंपनीच्या चॅम्पचं आहे, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं, ५एफ१ नावाचं. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक ५वाय३. एकच बटण, आवाजाचं. निघणारी शक्ती ५ वॅटच्या आसपास. गंमत म्हणजे यातल्या ५वाय३ ला नुसतं तापायला ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे १० वॅट लागतात. पाच वॅटच्या गाण्यासाठी दहा वॅटची चूल! व्हॉल्व्हच्या 'गोडव्या'बद्दल जे काव्य रचलं जातं ते ऐकताना मला ही चूल आठवते. गोडवा आहे, नाही असं नाही. ताणल्यावर हा आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू चेपला जातो आणि त्या चेपण्यात रंग भरतो. पण त्याला जादू म्हणणाऱ्या माणसाकडून मी कधी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त झालेला पाहिला नाही.

आता पुस्तिकेचा मुख्य हट्ट. सर्किट आधी मुकं असताना वाचायचं. गिटार जोडलेली नाही, आवाजाचं बटण शून्यावर, स्पीकर गप्प. त्या वेळी प्रत्येक पायावर किती व्होल्ट असतील ते आधी कागदावर लिहायचं आणि मगच मीटर लावायचा. हरमलच्या मुलाला मी हेच करायला लावलं, आणि त्याला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते हे, की यासाठी शाळेतला ओहमचा नियम पुरतो.

१२एएक्स७ चा एक ट्रायोड घ्या. प्लेटवर १०० किलोओहमचा रेझिस्टर, काथोडखाली १.५ किलोओहमचा. मीटरची काळी सुई चेसिसला, लाल काथोडला. समजा १.५ व्होल्ट दिसले. म्हणजे १ मिलिअँपिअर वाहतोय. तोच १ मिलिअँपिअर वरच्या १०० किलोओहममधूनही येतो, तेव्हा तिथं १०० व्होल्ट पडलेच पाहिजेत. वर २५० असतील तर प्लेटवर १५०. ग्रिड १ मेगओहममधून चेसिसला टेकलेली, म्हणजे शून्यावर. काथोड दीड व्होल्ट वर गेल्यानं ग्रिड त्याच्या मानानं दीड व्होल्ट खाली आली. फळी अर्धी मिटली, तीही व्हॉल्व्हच्या स्वतःच्याच प्रवाहानं. प्रवाह वाढू लागला की काथोड आणखी वर जातो आणि फळी आणखी मिटते. स्वतःला स्वतःच आवरणारी ही रचना मला अजूनही बघत राहावीशी वाटते.

प्लेटवर २५० च दिसले तर? मग प्रवाह वाहतच नाही: काथोडची तार सुटली, हीटर गेला किंवा व्हॉल्व्ह मेला. प्लेटवर ५० दिसले तर प्रवाह जास्त आहे, काथोडचा रेझिस्टर बघा. म्हणजे एका मोजमापानं तुम्ही पाचसहा पार्ट तपासले, एकही न उपसता. 'कोणता पार्ट गेलाय' हा प्रश्न असा सुटतो. आता हाच ट्रायोड बोलायला लागला की पिकअपच्या दशांश व्होल्टचे पाचसहा व्होल्ट करतो, कारण काथोडला कपॅसिटरचा आधार दिला तर तो पन्नास-साठ पटीनं वाढवतो. पण ते नंतर.

६व्ही६ वरही हाच हिशेब आहे, फक्त इथं चूक महाग पडते. काथोडखाली ४७० ओहम, तिथं २० व्होल्ट दिसले तर साधारण ४२ मिलिअँपिअर. यातला थोडा वाटा स्क्रीन नावाच्या दुसऱ्या जाळीचा. प्लेट आणि काथोड यांच्यामध्ये ३०० व्होल्ट असतील तर व्हॉल्व्ह गप्प बसूनही १२ वॅटच्या आसपास उष्णता सोसतो आहे, आणि जुन्या तक्त्यांत त्याच्या प्लेटची मर्यादाही १२ वॅटच आहे. म्हणजे हा गडी आधीच उंबऱ्यावर उभा. त्याच्या ग्रिडकडे येणारा ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जर जरासा गळका निघाला, तर मागच्या प्लेटवरचे व्होल्ट ग्रिडवर उतरतात, फळी सताड उघडते आणि काचेतली प्लेट लाल दिसू लागते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात जुन्या कागदी कपॅसिटरांनी ओल धरली नसती तरच नवल. 'मूळ काळातले' पार्ट मिळवण्याचं वेड मला म्हणूनच कळत नाही. जुनी काच घ्या खुशाल, जुना कागद घेऊ नका.

परदेशी चित्रं उतरवताना आणखी एक गोष्ट सुटते. ती चित्रं ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या देशात काढलेली आहेत. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडचा ट्रान्सफॉर्मर आणून मध्ये व्होल्टेज उतरवणारा डबा लावला की काम झालं असं वाटतं, पण ६० साठी मापलेल्या लोखंडाला ५० वर एक पंचमांश जास्त चुंबकत्व पेलावं लागतं. तो तापतो आणि गुणगुणतो. शिवाय आपले व्होल्ट स्थिर नसतात. २५० आले तर ६.३ चे हीटर ६.८५ वर जातात, आणि हाय व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं. म्हणून मोजमाप करताना भिंतीतले व्होल्टही शेजारी लिहून ठेवा. नाहीतर दुपारचे आकडे आणि संध्याकाळचे आकडे जुळणार नाहीत आणि तुम्ही उगाच व्हॉल्व्ह बदलत बसाल.

पन्नास हर्ट्झचा एक फायदाही आहे, तो पेटी वाजवणाऱ्यांना लगेच कळेल. ५वाय३ दोन्ही बाजूंनी वीज सरळ करतो, त्यामुळे सप्लायमध्ये उरलेली कुरकुर १०० हर्ट्झची असते. पांढरी पाचचा खर्जातला सूर ९८ हर्ट्झचा. म्हणजे फिल्टरची गुरगुर पांढरी पाचच्या किंचित वर लागते. हीटरच्या तारांतून किंवा घरच्या चुकीच्या अर्थिंगमधून आलेली गुरगुर ५० हर्ट्झची, तीच पांढरी पाच आणखी एक सप्तक खाली, जाड आणि पोकळ. अमेरिकेत हीच कुरकुर १२० ची; ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठंतरी बेसूर लटकते. आपल्याला निदान ओळखीचा सूर मिळाला. हरमलच्या मुलाची गुरगुर मी पेटीवर जुळवून दाखवली तेव्हा तो हसला, पण वरची पांढरी पाच लागतेय म्हटल्यावर त्यानं स्वतःच फिल्टर कपॅसिटरकडे बोट दाखवलं. पहिल्या कपॅसिटरचं चेसिसचं टोक आणि पिकअपच्या सॉकेटचं टोक त्यानं एकाच स्क्रूखाली आवळलं होतं. चित्रात ते जवळजवळ दिसत होते ना!

अर्थिंगवर एक आख्खं प्रकरण आहे आणि ते थोडं लांबलं आहे. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा सुकून कोरडाठाक होतो. कोळसा-मीठ घालून वर पाणी ओतलं नाही तर ती तार केवळ शोभेची. हे गिटारच्या पुस्तकात कशाला, असं एका मित्रानं विचारलं. त्याला म्हटलं, अर्थिंग नसलेल्या घरात तुझ्या मुलाला गिटार धरून माइकला ओठ लावू देशील का?

माझी स्वतःची फजिती सांगायलाच हवी, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रकरण तिच्यातूनच आलं. पहिला चॅम्प बांधला तेव्हा हा ट्रान्सफॉर्मर मी एका वाइंडरकडून करून घेतला. कामाचा माणूस, पंपाच्या मोटारी आणि स्टॅबिलायझर डोळे मिटून भरणारा. मी त्याला गणित दिलं: ६व्ही६ ला ५००० ओहम दिसायला हवेत, स्पीकर ८ ओहमचा, भागाकार ६२५, त्याचं वर्गमूळ २५, म्हणून वेढ्यांचं प्रमाण २५ ला १. त्यानं वेढे चोख घातले. अ‍ॅम्प्लिफायर वाजला आणि जाड तारांचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. चार दिवस मी कपॅसिटर बदलत होतो. दोष वाइंडरचा नव्हता. त्यानं स्टॅम्पिंग नेहमीच्या सवयीनं, ई आणि आय आकाराचे लोखंडी पत्रे एकाआड एक उलटसुलट घालून घट्ट भरलं होतं, मेन्स ट्रान्सफॉर्मरला भरतात तसं. पण एकच ६व्ही६ असलेल्या सर्किटमध्ये या ट्रान्सफॉर्मरमधून चाळीसेक मिलिअँपिअरचा डीसी सतत एकाच दिशेनं वाहतो आणि लोखंड आधीच भरून जातं. त्यासाठी सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची चकती ठेवून फट सोडावी लागते. मला ते ठाऊक नव्हतं, मग मी त्याला सांगणार काय? स्टॅम्पिंग पुन्हा भरल्यावर जाड तार बोलली.

स्पीकरकडून २२ किलोओहममधून मागच्या काथोडला जाणारी तारही अशीच फसवते. ती आवाजाला लगाम घालते. ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं उलटी लागली की लगामाचा चाबूक होतो आणि गिटार न लावताच स्पीकर किंचाळतो. टोकं बदला, दोन मिनिटांचं काम. ज्याला कारण माहीत नाही तो अख्खं चेसिस उसवतो.

नक्कल करू नका असं मी म्हणत नाही. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात जो पहिला अ‍ॅम्प्लिफायर झाला, तो फेंडरच्या बेसमनचीच नक्कल होता. पण करणाऱ्यांना सर्किट वाचता येत होतं. पहिल्या जागी १२एवाय७ ऐवजी ईसीसी८३ आला, पुढं केटी६६ आले, स्पीकर सेलेस्टियनचे. हाताशी जे होतं ते वापरलं आणि त्यातून निराळाच आवाज निघाला. पेडण्याच्या मुलाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जे मिळेल आणि माळ्यावरून जे निघेल त्यातूनच बांधायचं आहे. त्यालाही अदलाबदल करावीच लागेल. ६व्ही६ च्या जागी ईएल८४ घालायचा तर सॉकेट, काथोडचा रेझिस्टर आणि व्होल्टेज, तिन्ही बदलतात. किती आणि का, ते सातव्या प्रकरणात आहे.

टोन सर्किट, रिव्हर्ब, दोन व्हॉल्व्हची जोडी, यांतलं काही इथं नाही. फार झालं असतं. स्पीकरच्या पेटीबद्दलही दोनच पानं आहेत, कारण फणसाची फळी पाइनपेक्षा गोड वाजते की नाही या वादात मला पडायचं नाही.

पहिल्यांदा वीज देताना मालिकेत ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा. प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असा सिरीज बोर्ड असतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. घरातल्या ईएलसीबीवर विसंबू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तुम्ही ३५० व्होल्टच्या दोन टोकांमध्ये सापडलात तर अलीकडच्या ईएलसीबीला पत्ताही लागत नाही. आणि प्लग काढला म्हणजे वीज गेली असंही नाही. फिल्टर कपॅसिटर ती धरून बसतात, कधीकधी चहा पिऊन परत येईपर्यंत. चेसिस उलटं करण्याआधी मीटरचं एक टोक क्लिपनं चेसिसला लावा, डावा हात खिशात घाला, दुसरं टोक पहिल्या कपॅसिटरवर धरा. आकडा उतरताना दिसेल. उतरत नसेल तर १० किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर, इन्सुलेशन घातलेल्या तारांचा, तिथं काही सेकंद टेकवा. आकडा पाचाच्या खाली आला की मग पान उलटा.